आम्ल जमिनीतला मका: खत कमी नाही, मूळ आखूड आहे

मका वीस दिवसांचा झाला आहे. पेरताना स्फुरद (फॉस्फरस) दिलेलं आहे, ओलही बरी आहे. तरीही पानांच्या कडा जांभळ्या पडल्यात आणि रोपं जागच्या जागी थिजल्यासारखी उभी आहेत. अशा वेळी पहिला हात खताच्या पोत्याकडे जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याआधी कुदळ उचला. आम्ल जमिनीत मक्याची उपासमार बहुतेकदा जमिनीत अन्न नसल्यामुळे होत नाही, अन्नापर्यंत मूळ न पोचल्यामुळे होते. आणि मुळाला अडवणारा असतो विरघळलेला ॲल्युमिनियम.

या लेखात मूळ तपासण्यापासून आम्लता मारणाऱ्या चुन्याचा हिशेब मांडण्यापर्यंतचं सगळं क्रमाने सांगतो. हिशेबाचा भाग थोडा लांबला आहे, पण चुका तिथेच जास्त होतात.

पहिलं काम: रोप खणून काढा

रोप उपटू नका. उपटलं की नेमकी जी टोकं बघायची आहेत ती मातीतच तुटून राहतात. खोडापासून वीतभर अंतर सोडून चारही बाजूंनी खणा, फूटभर खोल जा आणि मातीच्या गड्ड्यासकट रोप उचला. बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवा. माती आपोआप सुटू लागली की हलक्या हाताने हलवून धुवा आणि मुळं पांढऱ्या कापडावर पसरा. पिवळं, खुरटलेलं एक रोप घ्या आणि त्याच शेतातलं बऱ्या भागातलं दुसरं घ्या. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली म्हणजे फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

निरोगी मूळ पांढरं आणि लांब असतं, टोकाला निमुळतं होत जातं. त्याला बारीक फुटवे असतात आणि टोकामागे केशमुळांची लव असते. ॲल्युमिनियमने मार खाल्लेल्या मुळाचं टोक बोथट असतं, किंचित सुजलेलं, तपकिरी. बाजूचे फुटवे वाढलेलेच नसतात, नुसते खुंट राहतात. एकूण मूळ जाड, ठिसूळ आणि पोवळ्याच्या फांदीसारखं दिसतं. कित्येकदा मुळं वरच्या थरातच आडवी पसरलेली असतात, खाली जायला तयारच नसतात.

आखूड मुळाला दुसरीही कारणं असतात. जमीन दाबली गेली असेल तर मुळं एका ठरावीक खोलीवर वाकतात, चपटी होतात, पण टोकं पांढरी राहतात. किडीने खाल्लं असेल तर कुरतडल्याच्या खुणा दिसतात. सूत्रकृमींमुळेही मुळं खुंटतात आणि ते नुसत्या नजरेने वेगळं काढणं अवघड आहे, म्हणून माती तपासल्याशिवाय शिक्का मारू नका. पानांच्या जांभळ्या रंगाचंही तसंच आहे. थंडीत काही वाणांची रोपं जांभळी पडतात आणि ऊब आली की सावरतात. तेव्हा मूळ पांढरं आणि लांब असेल तर घाबरायचं कारण नाही.

मुळाच्या टोकाशी काय घडतं

ॲल्युमिनियम बाहेरून आलेला नसतो. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्या खालोखाल तोच, वजनाने सुमारे 8 टक्के. चिकणमातीच्या खनिजांत तो घट्ट बांधलेला असतो आणि तिथे असेपर्यंत पिकाला त्याचा काही त्रास नाही. जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, 5.5 च्या खाली उतरू लागला की तो सुटून मातीतल्या पाण्यात येतो. 5.0 च्या खाली त्याचं तीन धन भार असलेलं, मुळाला सगळ्यात घातक रूप वाढत जातं.

सामूचं मोजमाप दहाच्या पटीत चालतं हे इथे ध्यानात हवं. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या विद्राव्यतेच्या नियमाने सामू एका अंकाने उतरला की हा घातक ॲल्युमिनियम हजार पटींनी वाढू शकतो. अर्ध्या अंकाने, म्हणजे 5.5 वरून 5.0 वर आला, तरी वाढ सुमारे तीस पट. प्रत्यक्ष मातीत सेंद्रिय पदार्थ त्यातला बराच पकडून ठेवतात म्हणून आकडा इतका कोरडेपणाने लागू होत नाही. पण अहवालात 5.4 आणि 4.9 हे आकडे जवळजवळ सारखेच समजणं किती महागात पडतं, ते यावरून कळावं.

मक्याच्या मुळाचा सगळ्यात हळवा भाग टोकाच्या मागे एक ते दोन मिलिमीटरवर असतो. तिथे पेशींची विभागणी संपून त्या लांब होण्याच्या तयारीत असतात. पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनवर ऋण भाराच्या जागा असतात आणि त्या जागी कॅल्शियम बसलेला असतो. ॲल्युमिनियम त्याला हुसकावून स्वतः बसतो आणि सहजासहजी सुटत नाही. भित्तिका ताठरते आणि पेशीला लांब होता येत नाही. पेशी कॅलोज नावाचा पदार्थ साठवू लागतात आणि पेशीपेशींमधली देवाणघेवाण मंदावते. हे सगळं काही तासांतच सुरू होतं. पानावर खूण उमटायला मात्र आठवडे लागतात. तोवर आपण वरून पीक बघत असतो आणि खाली मूळ थांबलेलं असतं.

शोषलेला बहुतेक ॲल्युमिनियम मुळातच अडकतो, पानात फारसा चढत नाही. म्हणून पानांच्या तपासणीत ॲल्युमिनियम कमी आला तरी निश्चिंत होऊ नका. त्या आकड्यावरून मुळाची स्थिती कळत नाही.

कोणतं अन्नद्रव्य कसं अडतं

सगळ्यात मोठा फटका स्फुरदाला, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबतो. स्फुरद पाण्याबरोबर वाहत मुळाकडे येत नाही. तो मातीत अगदी थोडं अंतर सरकतो, तेही फार हळू. त्यामुळे मुळानेच त्याच्याकडे जावं लागतं. आम्ल जमिनीत तीन गोष्टी एकदम होतात. मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. मुळाच्या पृष्ठभागावर आणि पेशींच्या मधल्या जागेत ॲल्युमिनियम फॉस्फेटचा साका बसतो, म्हणजे मुळाला चिकटलेला स्फुरदही आत जात नाही. आणि ज्या मुळाने शोधत जायचं तेच वाढायचं थांबलेलं असतं. अशा वेळी खताची मात्रा दुप्पट केली तर पहिल्या अडचणीवर थोडा उतारा पडतो, उरलेल्या दोन तशाच राहतात.

कॅल्शियम मुख्यतः मुळाच्या कोवळ्या टोकाकडूनच आत जातो आणि नेमकं तेच टोक जायबंदी. शिवाय आम्ल जमिनीत मुळातच तो कमी असतो. मॅग्नेशियमची शोषणाची वाट ॲल्युमिनियमच्या गर्दीत अडते. खालच्या जुन्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधले पट्टे पिवळे दिसले तर हा संशय घ्या. पालाशवर (पोटॅशियमवर) थेट परिणाम त्या मानाने कमी, पण मॅग्नेशियम तोकडा असताना पालाश भरमसाट टाकला की मॅग्नेशियमची टंचाई आणखी वाढते.

नत्राची गोष्ट निराळी. आम्ल जमिनीत अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. जे नायट्रेट तयार होतं ते पावसाबरोबर खाली उतरतं, आणि खाली मूळच नसल्याने हातचं जातं. मॉलिब्डेनम बाकीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या उलट वागतो. आम्लतेत तो लोहाच्या ऑक्साइडना घट्ट चिकटतो. नायट्रेट वापरण्यासाठी मक्याला लागणारं विकर मॉलिब्डेनमशिवाय चालत नाही. म्हणजे नत्र पिकाच्या आत पोचूनही कामी येत नाही.

लोह, मँगनीज, जस्त, तांबं आम्ल जमिनीत जास्त सुटे असतात. मँगनीज तर इतका सुटतो की त्याचीच बाधा होऊ शकते. चुना टाकून सामू नको इतका वर नेला की हेच जस्त अडून बसतं आणि मक्याच्या पानाच्या बुडाशी, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पांढरे पट्टे उमटतात.

शेवटी पाणी. मूळ वरच्या वीतभर थरात अडकलेलं असेल तर आठवड्याभराच्या उघडिपीतही मका दुपारी पानं सुरळी करतो, आणि फूटभर खाली ओल तशीच पडून असते.

माती तपासताना काय मागायचं

नमुने दोन थरांचे घ्या: 0 ते 20 सेंटिमीटर आणि 20 ते 40 सेंटिमीटर. शेतात नागमोडी फिरत पंधरा-वीस ठिकाणचे नमुने घेऊन थरानुसार वेगवेगळे मिसळा. खुरटलेला भाग आणि बरा भाग एकत्र करू नका. खालच्या थराचा नमुना बहुतेक जण टाळतात, पण मूळ कुठे थांबलं त्याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

प्रयोगशाळेकडे सामू, विनिमयक्षम (मातीच्या कणांवर बसलेला आणि सुटू शकणारा) ॲल्युमिनियम, विनिमयक्षम कॅल्शियम, मॅग्नेशियम व पालाश, सेंद्रिय कर्ब आणि चिकणमातीचं प्रमाण मागा. सामू पाण्यात मोजला की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, तेही विचारा. दुसऱ्या पद्धतीचा आकडा साधारण अर्ध्या अंकाने किंवा त्याहूनही खाली येतो. एका वर्षीचा पाण्यातला आणि दुसऱ्या वर्षीचा द्रावणातला आकडा शेजारी ठेवला तर जमीन एकाएकी बिघडली असं वाटून उगाच धावपळ होते.

नुसत्या सामूवर निर्णय घेऊ नका. दोन जमिनींचा सामू 5.0 असू शकतो, पण एकीत सेंद्रिय पदार्थ भरपूर म्हणून सुटा ॲल्युमिनियम थोडा, दुसरीत तोच भरमसाट. खरा उपयोगी आकडा म्हणजे ॲल्युमिनियमची संपृक्तता. मातीच्या कणांवर धन भाराचे जे घटक बसलेत, त्यात ॲल्युमिनियमचा वाटा किती टक्के, एवढंच ते गणित.

समजा अहवालात सेंटिमोल प्रति किलो या एककात ॲल्युमिनियम 1.5, कॅल्शियम 1.2, मॅग्नेशियम 0.4 आणि पालाश 0.2 आहे. बेरीज 3.3. ॲल्युमिनियमचा वाटा 1.5 भागिले 3.3, म्हणजे 45 टक्के. साधारण मक्याला 20 टक्क्यांच्या पुढे त्रास जाणवू लागतो, त्यामुळे ही जमीन तातडीने सुधारायला हवी. अहवालात मिलीइक्विव्हॅलंट प्रति 100 ग्रॅम असं एकक असेल तर आकडे तेच राहतात, बदलायची गरज नाही.

प्रयोगशाळा ॲल्युमिनियम मोजत नसेल तर घरच्या घरी एक कुंडीची परीक्षा करता येते. त्याच शेतातली माती सहा लहान कुंड्यांत भरा. तीन तशाच ठेवा. उरलेल्या तिन्हींत दर किलो मातीला दीड-दोन ग्रॅम चुनखडीची बारीक भुकटी मिसळा. सगळ्या ओल्या करून दोन आठवडे तशाच राहू द्या, मग मका लावा. उगवल्यानंतर दहा दिवसांनी मुळं धुऊन मोजा. चुना घातलेल्या कुंडीतली मुळं ठळकपणे लांब आणि पांढरी असतील तर आम्लतेचा दोष पक्का समजा. खालच्या थराच्या मातीचीही अशीच परीक्षा घ्या.

चुन्याचा हिशेब

हेक्टरभर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचं वजन ढोबळमानाने 20 लाख किलो धरतात. त्यातला एक सेंटिमोल प्रति किलो ॲल्युमिनियम निकामी करायला शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट बरोबर एक टन लागतं. पण चुना फक्त या ॲल्युमिनियमवर खर्च होत नाही. सेंद्रिय पदार्थांतली आणि खनिजांवरची दडलेली आम्लताही आपला वाटा घेते. म्हणून आकडा 1.5 ने, सेंद्रिय पदार्थ जास्त असतील तर 2 ने गुणतात.

सगळाच ॲल्युमिनियम संपवायची गरज नसते, संपृक्तता 20 टक्क्यांवर आणली तरी मक्याला पुष्कळ झालं. त्याचं गणित असं (या सूत्रात पालाश धरत नाहीत): ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची बेरीज 3.1. तिचे 20 टक्के म्हणजे 0.62, एवढा ॲल्युमिनियम राहिला तर चालेल. 1.5 मधून 0.62 गेले, उरले 0.88. त्याला 1.5 ने गुणलं की 1.32 टन हेक्टरी. शून्यावर आणायचं ठरवलं तर 2.25 टन. दोन्हींमधला फरक जवळजवळ एक टनाचा आहे, म्हणून ध्येय आधी ठरवा. बी ॲल्युमिनियम सहन करणाऱ्या वाणाचं नसेल आणि खालचा थरही आम्ल असेल, तर मी दोन्हींच्या मधला आकडा घेतो.

हे आकडे शुद्ध आणि बारीक चुनखडीचे झाले. पोत्यातला माल तसा नसतो. उदासीनीकरण क्षमता, म्हणजे आम्लता मारण्याची ताकद, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची 100 धरली तर शुद्ध डोलोमाइटची (मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीची) सुमारे 109, विझवलेल्या चुन्याची 135 आणि कळीच्या चुन्याची 179. शेतासाठी मिळणारी चुनखडी यापेक्षा कमी भरते. दुसरी बाब बारीकपणाची. 0.25 मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारी भुकटी एका हंगामात काम करते. त्याहून भरड कण अर्धेच धरा, आणि दोन मिलिमीटरच्या वरचे खडे हिशेबात धरूच नका. भरड चुनखडी स्वस्त वाटते, पण त्यातला मोठा भाग या पिकाला काहीच देत नाही.

समजा क्षमता 90 टक्के आहे, 70 टक्के भुकटी बारीक आणि 30 टक्के मध्यम भरड. तर 70 अधिक 15, म्हणजे 85 टक्के. 0.90 गुणिले 0.85 बरोबर 0.765. मग 1.32 भागिले 0.765, म्हणजे सुमारे 1.73 टन माल लागेल. चुना 15 ऐवजी 20 सेंटिमीटरपर्यंत मिसळणार असाल तर हाच आकडा 2.3 टन होतो. उलट 10 सेंटिमीटरच मिसळणार असाल तर दोन-तृतीयांश पुरे. उथळ थरात पूर्ण मात्रा टाकली की वरचा सामू गरजेपेक्षा चढतो.

सामू 6.5 च्या वर नेऊ नका. फार झिजलेल्या तांबड्या जमिनींत तर 5.5 ते 6.0 वर थांबलेलं बरं. त्यापुढे जस्ताची अडचण सुरू होते.

टाकताना

पेरणीच्या दोन-तीन महिने आधी चुना जमिनीत जायला हवा. कोरड्या मातीत तो काम करत नाही, ओल लागतेच. एकसारखा पसरा आणि मातीत नीट मिसळा. ढिगाऱ्याढिगाऱ्याने पडला तर तिथे जास्त आणि शेजारी काहीच नाही अशी गत होते. मात्रा मोठी असेल तर अर्धी नांगरटीआधी आणि अर्धी नंतर देऊन वखराने मिसळा. अहवालात मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइट घ्या, नसेल तर साधी चुनखडी पुरते. कळीचा किंवा विझवलेला चुना झटपट काम करतो, पण डोळे आणि कातडी भाजतो, म्हणून हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला हात लावू नका.

युरिया, अमोनियम खतं किंवा ताजं शेणखत चुन्याबरोबर एकाच वेळी टाकू नका. अमोनिया वायू होऊन उडून जातो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. सुपर फॉस्फेटही चुन्यात मिसळू नका.

खालचा थर आम्ल असेल तर

चुना टाकल्या जागेवरून फारसा खाली उतरत नाही. जिप्सम उतरतो. तो सामू वाढवत नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. तो पाण्याबरोबर कॅल्शियम खाली नेतो आणि त्यातलं सल्फेट ॲल्युमिनियमशी जोडी जमवून त्याचा विषारीपणा कमी करतं. ब्राझीलच्या सेराडो भागात आम्ल जमिनी लागवडीखाली आणताना या उपायाचा मोठा उपयोग झाला. तिथला ठोकताळा हंगामी पिकांसाठी असा आहे: चिकणमातीच्या टक्केवारीला 50 ने गुणा, तितके किलो हेक्टरी. 30 टक्के चिकणमाती असेल तर 1500 किलो. खालच्या थरात ॲल्युमिनियमची संपृक्तता 20 टक्क्यांच्या वर किंवा कॅल्शियम 0.5 सेंटिमोलच्या खाली असेल तरच हा खर्च करा. जास्त जिप्सम मॅग्नेशियम आणि पालाशलाही खाली वाहून नेतो.

पीक उभं असेल तर

या हंगामात जमीन दुरुस्त होणार नाही. उभ्या पिकात वरून टाकलेला चुना मुळापर्यंत पोचत नाही, त्यात पैसे घालू नका. नत्राचा पुढचा हप्ता नायट्रेटयुक्त खतातून द्या. अमोनियम शोषताना मूळ आपल्या भोवतीची माती आणखी आम्ल करतं, नायट्रेट शोषताना उलट होतं. मॅग्नेशियम आणि जस्ताची कमतरता पानांवर स्पष्ट असेल तर फवारणीतून द्या. पुढच्या पेरणीला स्फुरद फोकून न देता बियाच्या 5 सेंटिमीटर बाजूला आणि 5 सेंटिमीटर खाली पट्ट्यात द्या. मातीशी संपर्क कमी, म्हणून अडकणंही कमी. चांगलं कुजलेलं कंपोस्ट तर द्याच, त्यातली सेंद्रिय आम्लं सुट्या ॲल्युमिनियमला धरून ठेवतात.

खताची निवड दरवर्षी हिशेबात धरा. एक किलो नत्र युरियातून दिलं तर त्याने आलेली आम्लता मारायला सुमारे 1.8 किलो चुनखडी लागते. अमोनियम सल्फेटमधून दिलं तर सुमारे 5.4 किलो. 150 किलो नत्राला हाच फरक 270 आणि 810 किलोचा होतो. कडब्यासकट सगळं पीक शेताबाहेर नेलं की त्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाशही जातात, तो तोटा वेगळा.

सहनशील वाण मिळत असेल तर जरूर घ्या. अशा मक्याच्या मुळाचं टोक सायट्रेट बाहेर सोडतं आणि ते ॲल्युमिनियमला बाहेरच बांधून टाकतं. यामागचं जनुक ओळखलं गेलं आहे, आणि काही अतिसहनशील वाणांत त्याच्या एकापाठोपाठ एक तीन प्रती आढळल्या आहेत. मात्र वाण सहनशील असला तरी जमिनीत नसलेला कॅल्शियम तो निर्माण करत नाही. चुन्याची मात्रा थोडी कमी करता येईल, टाळता येणार नाही.

चुना टाकताना शेताच्या मधोमध चार-पाच ओळींचा एक पट्टा मुद्दाम कोरा ठेवा आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. मका तुऱ्यावर आला की त्या पट्ट्यात एक आणि शेजारच्या चुना दिलेल्या ओळीत एक असे दोन खड्डे घ्या. खड्ड्याच्या भिंतीवर पाण्याची हलकी धार सोडा, मुळं उघडी पडतील. पांढरं मूळ किती सेंटिमीटर खाली गेलं ते दोन्हीकडे पट्टी लावून मोजा, वहीत तारखेसह लिहा, आणि काढणीनंतर त्याच दोन जागांचे दोन्ही थरांचे नमुने पुन्हा तपासायला द्या.